व्हर्जिनिया विद्यापीठाचा क्रीडाविभाग: विजेती प्रशिक्षिका कचेरीत बसते तेव्हा

अमेरिकेतील विद्यापीठाचा क्रीडाविभाग ही पैसे घेऊन पुरवलेली सेवा आहे, ही गोष्ट तिथल्या विजयांच्या बातम्या वाचताना सहज विसरली जाते. व्हर्जिनियासारख्या सरकारी विद्यापीठात प्रत्येक विद्यार्थ्याच्या अनिवार्य शुल्कातला काही भाग या विभागाकडे जातो, मग तो विद्यार्थी चार वर्षांत एकही सामना पाहो वा न पाहो. माजी विद्यार्थी देणग्या देतात, प्रेक्षक तिकिटे काढतात, घरी बसून पाहणारे वाहिन्यांची वर्गणी भरतात, आणि ज्यांची मुलगी संघात असते ते आईवडील तर तिच्या उमेदीची चार वर्षेच या विभागाच्या हवाली करतात. इतके सगळे घेऊन विभाग काय देतो, हे ग्राहकाच्या नजरेने तपासायला हवे. शार्लट्सव्हिल येथील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचे, आणि त्यातही महिला लॅक्रॉसच्या बाजूचे, असे परीक्षण करण्याचा हा प्रयत्न आहे.

त्यासाठी मी जेन मिलर यांच्या कारकिर्दीचा धागा धरला आहे. मिलर यांनी या विद्यापीठाच्या महिला लॅक्रॉस संघाला १९९१ आणि १९९३ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. १९९५ च्या हंगामानंतर त्यांनी संघाची सूत्रे ज्युली मायर्स यांच्याकडे सोपवली, म्हणजे आपल्याच हाताखाली खेळलेल्या एका खेळाडूकडे, आणि स्वतः क्रीडाविभागाच्या प्रशासनात गेल्या. तिथे त्यांनी वरिष्ठ सहयोगी क्रीडासंचालक म्हणून दीर्घकाळ काम केले. त्या प्रशिक्षक असतानाच्या गोष्टी नोंदवहीत आकड्यांनी लिहिलेल्या आहेत. कचेरीतल्या वर्षांची अशी नोंद कुठे सापडत नाही, आणि माझ्या मते या विभागाच्या सेवेचा दर्जा ठरवणारी वर्षे तीच आहेत.

लॅक्रॉस हा खेळ आपल्याकडे अजून फारसा परिचित नाही, तेव्हा थोडक्यात सांगतो. टोकाला जाळीची झोळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा, धावत न्यायचा, साथीदाराकडे फेकायचा आणि गोलात मारायचा, असा हा मूळचा उत्तर अमेरिकेतील आदिवासी राष्ट्रांचा खेळ आहे. शाळेतल्या मुलींसाठी तो पहिल्यांदा १८९० मध्ये स्कॉटलंडमधील सेंट लिओनर्ड्स शाळेत सुरू झाला, आणि १९२६ मध्ये रोझाबेल सिंक्लेअर यांनी तो बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत आणला. मुलींच्या महाविद्यालयीन सामन्यात एका बाजूला गोलरक्षक धरून बारा खेळाडू असतात. पुरुषांच्या खेळातली धडकाधडकी इथे चालत नाही, त्यामुळे चपळाई, पदलालित्य आणि काठीवरचा ताबा यांना फार महत्त्व येते. मराठी वाचकाचा या खेळाशी एक खरा संबंध आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन भरले होते, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सहा-सहा खेळाडूंच्या लॅक्रॉसचा समावेश करण्याचा निर्णय तिथेच झाला. क्रिकेटच्या पुनरागमनाच्या आनंदात आपल्या वर्तमानपत्रांनी त्याच ठरावातल्या लॅक्रॉसकडे फारसे पाहिले नाही.

मिलर यांच्या संघाने १९९१ च्या अंतिम सामन्यात मेरीलँडला ८-६ असे हरवले. या विद्यापीठाचे ते महिला लॅक्रॉसमधले पहिलेच राष्ट्रीय विजेतेपद होते. दोन वर्षांनी प्रिन्स्टनविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि तोही व्हर्जिनियाने ८-६ असाच जिंकला. हे यश किती अवघड होते ते समजायला समोरचे प्रतिस्पर्धी पाहावेत. मेरीलँडने पुढे १९९५ पासून २००१ पर्यंत सलग सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. प्रिन्स्टनला प्रशिक्षक ख्रिस सेलर यांनी अशी बांधणी दिली होती की १९९४ मध्ये ते विजेते झाले, आणि पुढे २००२ व २००३ मध्येही. अशा काळात दोनदा शिखरावर पोहोचलेल्या प्रशिक्षकाने आणखी दहा वर्षे मैदानावरच राहावे, असे कोणालाही वाटले असते.

मग मैदान सोडून कचेरीत जाण्यात काय साधते? याचे उत्तर विभागाच्या कामकाजात आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्या ग्राहकाला तेच दिसत नाही.

क्लॉकनर स्टेडियमचेच उदाहरण घ्या. १९९२ मध्ये उघडलेल्या आणि सुमारे आठ हजार प्रेक्षकांची सोय असलेल्या या मैदानावर पुरुषांचा आणि महिलांचा सॉकर, तसेच पुरुषांचे आणि महिलांचे लॅक्रॉस, असे चार संघ आपले घरचे सामने खेळतात. लॅक्रॉसचा हंगाम फेब्रुवारीच्या थंडीत सुरू होऊन मेपर्यंत चालतो, म्हणजे दोन्ही लॅक्रॉस संघांना एकच गवत एकाच महिन्यांत हवे असते. शनिवारी दुपारची वेळ कोणाला मिळणार, पावसाने सराव रद्द झाला तर दुसऱ्या दिवशी मैदानावर आधी कोण उतरणार, प्रक्षेपणाचे कॅमेरे कोणत्या सामन्याला येणार, फिजिओ आणि वैद्यकीय कर्मचारी कसे वाटून घ्यायचे, हे सगळे कचेरीतल्या टेबलावर ठरते. त्या टेबलाशी स्वतः महिला संघ चालवलेली व्यक्ती बसलेली असेल, तर संध्याकाळी उशिराच्या सरावाचा खेळाडूंच्या अभ्यासावर आणि झोपेवर काय परिणाम होतो हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही. तशी व्यक्ती तिथे नसेल, तर महिला संघाच्या प्रशिक्षकाला दर वेळी अर्जदार म्हणून दारात उभे राहावे लागते.

हा फरक कागदावर उमटत नाही, कारण कागदावर दोन्ही संघांना समान तास दाखवता येतात. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करण्यास बंदी केली, आणि १९७९ मध्ये सरकारने क्रीडेपुरता त्याचा अर्थ स्पष्ट केला. त्यानुसार खेळाडूंच्या संख्येचे प्रमाण आणि शिष्यवृत्त्या यांबरोबर साहित्य, सरावाच्या वेळा, प्रवास, भत्ते, प्रशिक्षक, कपडे बदलण्याच्या खोल्या, वैद्यकीय सोयी आणि प्रसिद्धी यांतही समानता पाहिली जाते. ही यादी वाचताना जाणवते की यातली प्रत्येक बाब प्रशिक्षकाने रोज अनुभवलेली असते, आणि वकिलाला मात्र ती तक्रार आल्यावरच कळते. व्हर्जिनिया विद्यापीठाचे मुख्य महाविद्यालय मुलींना पूर्णपणे खुले झाले तेच १९७० मध्ये, तेही न्यायालयीन लढ्यानंतर. म्हणजे मिलर यांनी पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा तिथल्या मुलींच्या क्रीडेचे वय जेमतेम वीस वर्षे होते. अशा तरुण व्यवस्थेला नियमांइतकीच, ते नियम ज्या जगण्यातून आले ते जगणे जाणणाऱ्या माणसांची गरज असते.

प्रशासकाच्या कामाचा आणखी एक मोठा भाग म्हणजे इतर प्रशिक्षकांची निवड आणि त्यांचे मूल्यमापन. संघ दोन वर्षे हरत असेल तर तो घडतो आहे की मोडतो आहे, हे निकालांच्या तक्त्यावरून समजत नाही. नवख्या खेळाडूंची ती फळी अजून पिकायची आहे, की प्रशिक्षकावरचा खेळाडूंचा विश्वास उडाला आहे, हे सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला अर्धा तास उभे राहून ओळखणारी माणसे थोडी असतात. मिलर यांच्या जागी आलेल्या ज्युली मायर्स यांची कारकीर्द याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पहिल्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्यांचा संघ अंतिम फेरीत गेला आणि मेरीलँडकडून १०-५ असा हरला. १९९८ आणि १९९९ मध्येही अंतिम फेरीत मेरीलँडनेच त्यांना हरवले, १९९९ मध्ये तर १६-६ अशा मोठ्या फरकाने. २००३ मध्ये प्रिन्स्टनने जादा वेळेत ८-७ असे हरवले. तीन वेळा अंतिम फेरी हरलेल्या आणि चौथ्या वेळी एका गोलाने हुकलेल्या प्रशिक्षकाला अनेक विद्यापीठांनी निरोप दिला असता. इथे तसे झाले नाही, आणि २००४ मध्ये त्याच प्रिन्स्टनला त्यांच्याच गावी १०-४ असे हरवून मायर्स यांनी विद्यापीठाला तिसरे विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर २००५ आणि २००७ मध्ये अंतिम फेरीत नॉर्थवेस्टर्नकडून पराभव झाले, तरी मायर्स आपल्या जागी राहिल्या आणि २८ हंगामांनंतर २०२३ मध्ये पायउतार झाल्या.

मायर्स यांना टिकवण्याचे श्रेय एकट्या मिलर यांना देता येणार नाही, तसा दावाही मी करीत नाही. पण ज्या विभागात दोन विजेतेपदे मिळवलेली पूर्वसूरी कचेरीत बसलेली आहे, तिथे तिच्या वारसदाराला वेळ मिळतो, हे मला योगायोगाचे वाटत नाही. १९८० च्या दशकापासून २०२३ पर्यंत या संघाला फक्त दोन मुख्य प्रशिक्षक लाभले. आपल्या मुलीला चार वर्षांसाठी पाठवणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने या सेवेचा हा सर्वांत मोठा गुण आहे. जिने बोलावले तिच्याच हाताखाली मुलगी पदवीपर्यंत खेळेल, ही शाश्वती आजच्या महाविद्यालयीन क्रीडेत फार दुर्मीळ झाली आहे. मायर्स यांच्यानंतर आलेल्या सोनिया लामोनिका या मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या असून त्यांनी टाउसन विद्यापीठात दीर्घकाळ संघ सांभाळला होता. त्यांच्या काळाचे मूल्यमापन करण्याइतका अवधी अजून झालेला नाही.

लॅक्रॉसपलीकडे पाहिले तर महिला क्रीडेत या विभागाची कामगिरी भरघोस आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात विद्यापीठाच्या संघात दाखल झालेल्या महिला नौकानयनाने २०१० आणि २०१२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. महिला जलतरणाने तर २०२१ पासून २०२५ पर्यंत सलग पाच वर्षे ते आपल्याकडे ठेवले. मुलींच्या क्रीडेला या विभागात सातत्याने पाठबळ मिळाल्याशिवाय असे यश एकामागून एक येत नाही.

आता उणिवा. पहिली उणीव गंभीर आहे आणि ती पदांच्या शिडीविषयी आहे. मिलर प्रशासनात आल्या त्या सुमारास विभागाचे संचालक होते टेरी हॉलंड. ते याच विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक होते. त्यांच्यानंतर २००१ मध्ये क्रेग लिटलपेज आले, तेही बास्केटबॉलचे माजी प्रशिक्षक. लिटलपेज यांचे कर्तृत्व मोठे आहे. अटलांटिक कोस्ट परिषदेतील (आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाला तिथे परिषद म्हणतात) ते पहिले कृष्णवर्णीय क्रीडासंचालक होते आणि २०१७ पर्यंत त्यांनी हा विभाग समर्थपणे चालवला. माझा आक्षेप त्या दोघांपैकी कोणावरही नाही. पण पुरुष बास्केटबॉलच्या मैदानावरून निघालेली वाट संचालकाच्या खुर्चीपर्यंत दोनदा गेली, आणि महिला लॅक्रॉसमध्ये दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून निघालेली वाट ‘वरिष्ठ सहयोगी’ या पायरीवर थांबली, ही नोंद परीक्षणात यायलाच हवी. महिलेला ती खुर्ची मिळाली २०१७ च्या डिसेंबरमध्ये, जेव्हा जॉर्जिया विद्यापीठातून कार्ला विल्यम्स आल्या. देशातील पाच बलाढ्य परिषदांमधल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला क्रीडासंचालक. त्याही पूर्वाश्रमीच्या बास्केटबॉल खेळाडू आणि सहायक प्रशिक्षक.

हा दोष एकट्या व्हर्जिनियाचा नाही. टायटल नाइन येण्यापूर्वी मुलींच्या क्रीडेचा कारभार वेगळा असे, आणि तो नव्वद टक्क्यांहून अधिक ठिकाणी महिलांच्याच हाती होता. कायदा आला, पैसा आला, आणि स्त्री-पुरुषांचे विभाग एकत्र झाले तेव्हा एकत्रित विभागाची खुर्ची बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या विभागप्रमुखाकडे गेली. ब्रुकलिन कॉलेजच्या व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कार्पेंटर यांनी अनेक दशके ही आकडेवारी गोळा केली. २०१४ च्या त्यांच्या पाहणीत महिला क्रीडासंचालकांचे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते, आणि महिला संघांच्या प्रशिक्षकांतही महिला निम्म्याहून कमी होत्या. मुलींना खेळण्याची संधी देणाऱ्या कायद्याच्या छायेत मुलींचे खेळ चालवणाऱ्या बायका मागे पडल्या, हे वाचून आजही मनाला लागते. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, प्रत्येक विभागातील सर्वांत वरच्या पदावरील महिलेला ‘वरिष्ठ महिला प्रशासक’ असा दर्जा दिला आहे. तो केवळ दर्जा आहे, पद नव्हे. त्या महिलेच्या हाती अंदाजपत्रक असेल की नाही, नेमणुकांत तिचा शब्द चालेल की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते. म्हणून कोणत्याही विभागाची सेवा जोखताना असा दर्जा कोणाकडे आहे एवढे विचारून भागत नाही. तिच्याकडे कोणते संघ सोपवले आहेत आणि त्यांत पुरुषांचे संघ आहेत का, हेही विचारावे.

मिलर यांच्यासारखाच मैदानावरून कचेरीत जाण्याचा प्रवास पेन स्टेट विद्यापीठाच्या महिला लॅक्रॉस प्रशिक्षक सू स्कीट्झ यांनी केला. १९८७ आणि १९८९ ची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून त्या पुढे त्याच विद्यापीठाच्या क्रीडाप्रशासनात गेल्या. फिलाडेल्फियातील टेंपल विद्यापीठाच्या टीना स्लोन ग्रीन यांनी वेगळी वाट धरली. महाविद्यालयीन महिला लॅक्रॉसमधल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. १९८४ आणि १९८८ मध्ये त्यांचा संघ एनसीएएचा विजेता ठरला. १९९२ मध्ये त्यांनी सहकारी महिलांसोबत कृष्णवर्णीय स्त्रियांना क्रीडेत आणण्यासाठी एक प्रतिष्ठान उभारले. कचेरीच्या आत राहून व्यवस्था बदलायची की बाहेर स्वतंत्र संस्था काढायची, हा प्रश्न त्या पिढीतल्या प्रत्येक कर्तबगार प्रशिक्षिकेपुढे होता. मला दोन्ही मार्गांविषयी आदर आहे, पण विद्यापीठाच्या ग्राहकाला तातडीने उपयोगी पडतो तो पहिला.

व्हर्जिनियाचे परीक्षण करताना मे २०१० टाळता येत नाही. त्या महिन्याच्या सुरुवातीला महिला लॅक्रॉस संघातील यर्डली लव्ह या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूचा तिच्या पूर्वीच्या प्रियकराने खून केला. तो याच विद्यापीठाच्या पुरुष लॅक्रॉस संघात होता. दोन्ही संघ एकाच विभागाचे, दोघांचे मैदानही एकच. पुढे त्याला शिक्षा झाली. लव्हच्या कुटुंबाने तरुणांना नात्यांतील हिंसेची लक्षणे ओळखायला शिकवणारे ‘वन लव्ह’ हे प्रतिष्ठान स्थापन केले, आणि त्याचे काम आज अमेरिकेतील असंख्य शाळा-महाविद्यालयांत चालते. त्या वेळी विभागात कोणी काय करायला हवे होते, याचा निवाडा दुरून करणे अन्यायाचे होईल. परंतु आईवडील ज्या सेवेवर विश्वास टाकतात, तिचा गाभा मुलीची सुरक्षितता हाच असतो, हे त्या घटनेने सगळ्यांपुढे मांडले. एका संघातल्या तरुणाच्या वागणुकीविषयीची काळजी दुसऱ्या संघातल्या मुलींपर्यंत वेळेत पोहोचावी यासाठी संघांच्या वर बसलेले, दोन्हींकडे लक्ष असलेले आणि मुली ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलतील असे कोणीतरी लागते. विजेत्या प्रशिक्षिकेने प्रशासनात का जावे, या प्रश्नाचे माझ्याकडे याहून वजनदार उत्तर नाही.

प्रेक्षकाच्या बाजूने पाहता सेवा चांगली आहे. क्लॉकनर आटोपशीर असल्याने कोठेही बसले तरी खेळ जवळून दिसतो, आणि महिला लॅक्रॉसमध्ये काठीवरचे बारकावे दिसण्यासाठी हे जवळ असणे फार मोलाचे आहे. नैसर्गिक गवत जपलेले आहे. फेब्रुवारी-मार्चमधल्या सामन्यांना मात्र उबदार कपड्यांशिवाय जाऊ नये, उघड्या बाकांवर वारा चांगलाच झोंबतो. नवख्याने जाण्यापूर्वी दोन-तीन नियम समजून घ्यावेत. गोलासमोरचा आठ मीटरचा कमानीसारखा भाग आणि तिथे फाउल झाल्यावर मिळणारी मोकळी फेक, चेंडू ताब्यात आल्यावर नव्वद सेकंदांत गोलावर फेक करण्याचे २०१७ पासूनचे बंधन, आणि २०२२ पासून पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत झालेली खेळाची विभागणी, एवढे कळले तरी सामना अंगात भिनतो. विभागाच्या संकेतस्थळावर वेळापत्रक, खेळाडूंची माहिती आणि जुन्या नोंदी नीट मांडलेल्या आहेत. घरबसल्या पाहणाऱ्यांसाठी बरेचसे सामने परिषदेच्या वाहिनीच्या ऑनलाइन सेवेवर असतात, पण त्यासाठी केबल किंवा तत्सम वर्गणी लागते. सरकारी विद्यापीठाच्या मुलींचे सामने पाहण्यासाठी त्याच राज्यातल्या करदात्याला खासगी वर्गणीदार व्हावे लागते, ही रचना मला पटत नाही, जरी तिचा निर्णय एकट्या विद्यापीठाच्या हाती नसला तरी.

संकेतस्थळावर प्रशिक्षकांची पाने जितकी तपशीलवार असतात, तितकी प्रशासकांची नसतात. प्रशिक्षकाच्या पानावर प्रत्येक विजयाची गणती असते. प्रशासकाच्या पानावर पदनाम आणि सोपवलेल्या खेळांची यादी असते. प्रवासाचे वेळापत्रक बदलून परीक्षेच्या आठवड्यात संघ एक दिवस आधी घरी परत आणला, जखमी खेळाडूची शिष्यवृत्ती चालू ठेवण्यासाठी भांडून दिले, नवख्या प्रशिक्षकाला पहिल्या पराभवाच्या हंगामात सावरले, या गोष्टींची गणती कोणी ठेवत नाही. मिलर यांच्यासारख्यांच्या कामाचा सार्वजनिक इतिहास त्यामुळे १९९५ ला संपल्यासारखा दिसतो, आणि पुढच्या पिढीतल्या प्रशिक्षिकांना ही वाट दिसावी तशी दिसत नाही. विभागाने आपल्या प्रशासकांच्या कामाचा वार्षिक वृत्तांत साध्या भाषेत प्रसिद्ध केला, तर सेवेत मोठी भर पडेल.

पुढची काही वर्षे या सेवेची खरी कसोटी आहेत. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीमुळे विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. शिष्यवृत्त्यांची जुनी बंधने गेली आणि त्यांच्या जागी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आल्या. पूर्वी एका महिला लॅक्रॉस संघाला बारा पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा होती आणि त्या तुकडे करून अनेक मुलींत वाटल्या जात. आता मुभा वाढली, पण त्यासाठीचा पैसा कुठून आणायचा हा प्रश्न प्रत्येक विभागाने स्वतः सोडवायचा आहे, आणि खेळाडूंना वाटायच्या रकमेचा मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलकडे जाणार हे उघड आहे. व्हर्जिनिया राज्याने तर विद्यार्थ्यांच्या शुल्कावर क्रीडाविभागांनी किती विसंबावे याला २०१५ मध्येच कायद्याने मर्यादा घातली आहे, त्यामुळे शुल्क वाढवून सगळे भागवण्याची सोय नाही. अशा वेळी लॅक्रॉस, नौकानयन, हॉकी यांच्या गरजा आकड्यांसह आणि अधिकाराने मांडणारे कोणी वाटपाच्या बैठकीत बसलेले असले पाहिजे. ते काम, ज्यांनी स्वतः संघ उभे केले आणि पुढे अंदाजपत्रकही हाताळले, अशा माणसांना सर्वांत चांगले जमते.

मुंबईच्या त्या अधिवेशनाच्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षपदी पी. टी. उषा होत्या. धावपटू, मग स्वतःच्या शाळेत मुलींना घडवणाऱ्या प्रशिक्षक आणि डिसेंबर २०२२ पासून प्रशासक, असा त्यांचा प्रवास आहे. आपल्याकडेही अशी वाट आहे, ती फार थोड्यांना मिळते इतकेच.

ज्या मराठी कुटुंबांच्या मुली अमेरिकेतल्या शाळांत लॅक्रॉस खेळतात आणि महाविद्यालयाच्या संघात जाण्याची स्वप्ने पाहतात, त्यांनी व्हर्जिनियाचा विचार जरूर करावा असे मी म्हणेन. प्रशिक्षकांना दिलेला वेळ, महिला खेळांतले सातत्यपूर्ण यश आणि मैदानाची उत्तम व्यवस्था ही त्याची कारणे आहेत. मात्र भेटीला जाल तेव्हा केवळ प्रशिक्षकांशी बोलून परतू नका. महिला लॅक्रॉसची जबाबदारी सध्या कोणत्या प्रशासकाकडे आहे, त्या व्यक्तीने पूर्वी कोणता संघ चालवला होता, खेळाडूला प्रशिक्षकाविषयी तक्रार असेल तर ती थेट तिच्याकडे नेता येते का, आणि दुखापत झाल्यास शिष्यवृत्तीचे काय होते, हे स्पष्ट विचारा. १९९४ च्या कायद्यान्वये प्रत्येक विद्यापीठाला आपल्या क्रीडेतील स्त्री-पुरुष खेळाडूंची संख्या, शिष्यवृत्त्या, प्रशिक्षकांचे पगार आणि खर्च यांचा अहवाल दरवर्षी द्यावा लागतो, आणि तो केंद्रीय शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. भेटीपूर्वी तो वाचून जा, आणि ज्या दोन-तीन विद्यापीठांचा विचार चालू आहे त्यांचे आकडे शेजारी मांडून पाहा. प्रश्न विचारताना ते कागद हाती असले, की उत्तरेही नेमकी मिळतात.